घराला ॲव्हरेज किती?

मराठी माणूस घर बघायला गेला की तीन प्रश्न विचारतो. पाणी किती वेळ येतं, पार्किंग आहे का आणि शेजार कसा आहे. मोटरहोमने या तिन्ही प्रश्नांची वासलात लावली आहे. पाणी तुम्ही भराल तेवढं. पार्किंग हाच पत्ता. शेजार आवडला नाही तर किल्ली फिरवायची आणि निघायचं. तरीही चौथा एक प्रश्न उरतोच, आणि तो मी विक्रेत्याला भर प्रदर्शनात विचारला.

"ॲव्हरेज किती देते?"

"गॅलनला आठ मैल," तो म्हणाला. "उतार असेल आणि वारा मागून असेल तर."

मी मनातल्या मनात हिशेब करून बायकोला सांगितलं, "लिटरला जेमतेम साडेतीन किलोमीटर."

"घराच्या मानाने चांगलं आहे," ती म्हणाली. "आपलं घर काहीच देत नाही."

आपलं घर म्हणजे न्यू जर्सीतलं. मुलं नोकरीनिमित्त दोन किनाऱ्यांना पांगली, आम्ही निवृत्त झालो आणि चार बेडरूमच्या घरात दोन माणसं एकमेकांना हाका मारत राहिली. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स असा आहे की दर तिमाहीला चेक लिहिताना आपण घरमालक नसून टाऊनशिपचे भाडेकरू आहोत हे नीट कळतं. शिवाय शरद ऋतूत पानं गोळा करायची, हिवाळ्यात बर्फ उपसायचा. अशाच एका बर्फाच्या दिवशी कंबर धरून सोफ्यावर पडलो असताना मी एक व्हिडिओ पाहिला. माझ्या वयाचं एक जोडपं ॲरिझोनाच्या वाळवंटात आपल्या मोटरहोमपुढे खुर्च्या टाकून कॉफी पीत बसलं होतं. त्यांच्याकडे फावडं नव्हतं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "घर विकू. हिवाळ्यात ॲरिझोना, उन्हाळ्यात मेन. बारा महिने गाडीतच राहायचं."

"चालेल," बायको म्हणाली. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही कल्पनेला पहिल्या फटक्यात "चालेल" मिळालेलं नाही, त्यामुळे मी जरा घाबरलोच.

पुण्याला फोन केला. वहिनी बराच वेळ गप्प राहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगा. काही अडचण आहे का? ह्यांना सांगून थोडे पैसे पाठवू का?" अमेरिकेत उभं आयुष्य नोकरी केलेला माणूस शेवटी गाडीत राहायला जातो, आणि तेही हौसेने, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. चिरंजीवांना वेगळीच चिंता. "बाबा, मग थँक्सगिव्हिंगला आम्ही कुठे यायचं?" मी म्हणालो, "ज्या वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये आम्ही असू, तिथे."

आता अभ्यास सुरू झाला. इथे मोटरहोमचे तीन वर्ग आहेत: ए, बी आणि सी. ए म्हणजे सगळ्यात मोठी, थेट बस. बी म्हणजे सगळ्यात छोटी, उंच टपाची व्हॅन. आणि सी म्हणजे मधली, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. हा क्रम ज्याने लावला त्याला शाळेत प्रगतिपुस्तक दाखवायचा प्रसंग आलेला नसावा. डिझेलची थोरली ए तीन-चार लाख डॉलरच्या पुढे जाते. म्हणून धाकट्या बीकडे वळावं तर ती दीड लाखाच्या खाली सहसा येत नाही, आणि तिच्यात एक जण उभा राहिला तर दुसऱ्याने बसायचं किंवा आडवं व्हायचं.

थोरलीची आणखी एक गंमत. चाळीस फुटांची बस घेऊन कोथिंबीर आणायला जाता येत नाही, म्हणून तिच्यामागे एक छोटी मोटार बांधून ओढत न्यायची असते. मोटारीची चारही चाकं रस्त्यावर ठेवून ती अशी जोडली की गाडी मागे घेता येत नाही. चुकीच्या गल्लीत शिरलात तर उतरून आधी मोटार सोडवायची. मागे फिरायची सोय नाही आणि पुढे कुठे जातोय ते नक्की नाही. संसाराचा अनुभव असलेल्यांना यात नवीन काही शिकावं लागत नाही. आणि असलं धूड चालवायला बहुतेक राज्यांत मोटारीचं साधं लायसन पुरतं. ज्या लायसनवर मी इतकी वर्षं ऑफिसच्या पार्किंगमध्ये खांबाला आरसा घासत आलो, त्याच लायसनवर.

एवढी तयारी करून आम्ही हर्शीला गेलो. हर्शी हे पेनसिल्व्हेनियातलं चॉकलेटचं गाव. दर सप्टेंबरला तिथे या गाड्यांचं प्रदर्शन भरतं आणि ते स्वतःला अमेरिकेतलं सगळ्यात मोठं म्हणवून घेतं. मैदानभर गाड्या, आणि प्रत्येक गाडीत शिरायला बुटांची रांग. जाणकारांनी बजावलं होतं की नुसतं बघू नका. पलंगावर झोपून बघा, शॉवरमध्ये उभं राहून बघा, संडासावर बसून दार लागतं का बघा. सल्ला रास्त आहे, पण तो एकाच वेळी शेकडो लोक अमलात आणत असतात. मी एका शॉवरमध्ये उभा राहून डोक्याला शांपू लावल्याचा अभिनय करत होतो. कोपर बाहेर गेल्याशिवाय डोक्याला हात पोचत नव्हता. इतक्यात पडदा सरकला आणि ओहायोच्या एका कुटुंबाने विचारलं, "अजून किती वेळ लागेल?" मी सवयीने म्हणालो, "झालंच."

तिकडे बायको ओट्यापुढे उभी राहून हवेत पोळ्या लाटत होती. पोळपाट ठेवला की शेगडी झाकली जाते आणि शेगडी उघडी ठेवली की पोळपाट मांडीवर घ्यावा लागतो, हा शोध तिने प्रत्येक गाडीत नव्याने लावला. तिचे प्रश्न विक्रेत्यांनी पूर्वी कधी ऐकले नसावेत.

"बादली कुठे ठेवायची?"

"कशाला?"

"आंघोळीला."

"मॅडम, शॉवर आहे."

"ते ठीक. बादली कुठे ठेवायची?"

मग तिने फोडणीचा विषय काढला. या गाड्यांत छताला धुराचा अलार्म आणि जमिनीलगत गॅसचा अलार्म असतो. हिंग-मोहरीची फोडणी बसली की दोन्ही एकदम कोकलणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. विक्रेता म्हणाला, "फोडणी बाहेर टेबलावर करा." वाळवंटात उघड्यावर फोडणी द्यायची ही कल्पना तिला आवडली, पण मला आजूबाजूच्या कोल्ह्यांची काळजी वाटली.

एका दालनात एअरस्ट्रीम उभी होती, ॲल्युमिनियमची, चकचकीत, गोल कोपऱ्यांची. ती स्वतः चालत नाही, ओढावी लागते. पण तिचं घराणं मोठं. चंद्रावरचे जंतू पृथ्वीवर पसरू नयेत म्हणून १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांना नासाने याच कंपनीने बनवलेल्या डब्यात ठेवलं होतं. सोबत एक डॉक्टर आणि एक इंजिनिअर. राष्ट्राध्यक्ष निक्सन बाहेर उभे राहून काचेतून त्यांच्याशी बोलले. विक्रेत्याने ही कथा अभिमानाने सांगितली.

बायकोने विचारलं, "सुटल्यावर त्यांच्यापैकी कोणी असा डबा विकत घेतला का?"

विक्रेत्याने आम्हाला चॉकलेट दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

खरी पंचाईत देवांनी केली. देवघराला जागा मिळाली, मायक्रोवेव्हच्या शेजारचं कपाट. पण देवांचं तोंड कुठे? घर एका जागी असतं म्हणून वास्तुशास्त्राचं चालतं. इथे न्यू जर्सीतून निघताना ईशान्येला असलेले देव पहिल्याच चौकात डावीकडे वळलो की वायव्येला जाणार. संडास तर दिवसभरात आठही दिशा पालथ्या घालणार. पुण्याच्या गुरुजींना फोनवर विचारलं. त्यांनी थोडा विचार करून निर्णय दिला, "गाडी उभी करताना पूर्वेकडे तोंड करून करा. चालत्या गाडीत देवही प्रवासातच असतात." या एका निर्णयामुळे पुढे प्रत्येक कॅम्पग्राउंडवर मी होकायंत्र घेऊन फिरणार आणि रिव्हर्स घेताना बायको मागे उभी राहून "अजून थोडं आग्नेयेला" असं ओरडणार, हे मला तेव्हाच दिसलं.

पाण्याचं खातं निराळं. या गाडीत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक सांडपाण्याची आणि तिसरी उरलेल्या सगळ्याची. तिसरी ठरावीक ठिकाणी जाड नळी जोडून रिकामी करायची असते. आधी तिसरीची झडप उघडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. विक्रेता हे समजावत असताना बायकोने गाडीतल्या कामांची वाटणी जाहीर करून टाकली. स्वयंपाक दोघांनी मिळून, झाडलोट दोघांनी मिळून, आणि नळी माझी.

विजेचंही तसंच. मधल्या गाड्यांना बहुधा ३० अँपिअरची जोडणी मिळते, म्हणजे ३,६०० वॅट. एसी, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकदम लावला की अंधार. "म्हणजे एका वेळी एकच," बायको म्हणाली. "वरण हवं की वारा हवा, ते आधी सांगायचं."

किमतीचं नाटक वेगळंच. गाडीवर लावलेली किंमत कोणीच देत नाही. त्यातून पंचवीस-तीस टक्के उतरवून घ्यायचे असतात, हे घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असतं, पण दोघांनीही धक्का बसल्याचं दाखवायचं असतं. इथे बायकोने सूत्रं हातात घेतली. तुळशीबागेत बांगड्यांवर चालवतात ती सगळी शस्त्रं तिने एक लाख डॉलरच्या गाडीवर चालवली. आधी नाक मुरडलं, मग "रंग उतरेल" म्हणाली, मग माझा दंड धरून दाराकडे चालायला लागली. विक्रेता मॅनेजरला विचारायला आत गेला. तो परत येईपर्यंत ती म्हणाली, "पडद्यांसकट द्यायला सांगा."

किंमत ठरत आली आणि कागद पुढे आले. तिथे मला आयुष्यातलं सर्वोत्तम विनोदी साहित्य वाचायला मिळालं. गाडीत पलंग आहे, शेगडी आहे, न्हाणीघर आहे, टीव्हीही आहे. पण बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की गाडीत कायम राहिलात तर वॉरंटी लागू नाही. मी विचारलं, "मग हे सगळं कशाला दिलंय?"

"राहायला," विक्रेता म्हणाला. "फक्त कायम नाही."

बँकेत तोच प्रकार. बारा महिने गाडीत राहणाऱ्यांना कर्ज द्यायला अनेक बँका नाखूश असतात, कारण हप्ते थकले तर घर सापडलं पाहिजे. बँकेचा माणूस फॉर्म भरत म्हणाला, "कायमचा पत्ता?" आमच्याकडे तोच नव्हता, त्यासाठी तर हा खटाटोप. असं फिरणारे लोक बहुधा साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लोरिडाचा पत्ता घेतात, कारण या राज्यांत राज्याचा आयकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवा आहेत. म्हणजे ज्या राज्यात आपण राहत नाही तिथले रहिवासी व्हायचं, आणि ज्या गाडीत राहतो तिथे राहत नाही असं सांगायचं. विमेवाल्याला मात्र खरं सांगावं लागतं. कायम राहणाऱ्यांचा विमा वेगळा आणि अर्थातच महाग.

नवी गाडी शोरूमच्या बाहेर काढली की किंमत धाडकन उतरते असं सगळे सांगत होते, म्हणून आम्ही जुनी बघायचं ठरवलं. पण जुनीलाही वयाची अट. काही खाजगी कॅम्पग्राउंड दहा वर्षांपेक्षा म्हाताऱ्या गाड्या आत घेत नाहीत. आम्ही दोघं सत्तरीकडे झुकलेलो चालतो, गाडी अकरावीत गेलेली चालत नाही.

जुन्या गाडीत पाणी मुरलेलं असतं. ते ओळखायला प्रत्येक भिंत अंगठ्याने दाबायची आणि प्रत्येक कोपरा हुंगायचा. अनोळखी माणसाच्या बेडरूमच्या भिंती हुंगत हिंडण्याचं शिक्षण मला घरून मिळालेलं नसल्याने मी नजर चुकवत हुंगत होतो. विकणारे आजोबा शांतपणे बघत होते. मी विचारलं, "का विकताय?"

"प्रकृतीमुळे."

ते कागद आणायला गेले तेव्हा आजी माझ्या बायकोच्या कानाशी लागल्या. "त्याची प्रकृती ठणठणीत आहे. दोन महिने पाऊस पडला आणि आम्ही दोघं आत होतो."

हे ऐकूनही आम्ही तीच गाडी घेतली. पंचवीस फुटांची, सी वर्गातली, डोक्यावर पलंगवाली. घेण्याआधी बायकोने डरॅमच्या पुलाचे सगळे व्हिडिओ बघून ठेवले होते. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅम गावात एक रेल्वेपूल आहे, पूर्वी त्याची उंची ११ फूट ८ इंच होती. उंच गाड्या बिनदिक्कत त्याखाली शिरायच्या आणि टपावरचे एसी तिथेच ठेवून बाहेर पडायच्या. २०१९ मध्ये पूल आठ इंचांनी उचलला, तरी लोक आपटायचे थांबले नाहीत. तेव्हा बायकोने आमच्या गाडीची उंची इंचांसकट एका चिठ्ठीवर लिहून ती ड्रायव्हरसमोर चिकटवली. खाली माझं नाव घालून "लक्ष द्या" असंही लिहिलं.

आता फक्त सामान भरायचं राहिलं होतं. तिथेच सगळं अडलं. गाडीच्या दाराआत एक पिवळा कागद डकवलेला असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त वजन घेऊ नये, असं त्यावर छापलेलं असतं. खाली बारीक अक्षरात हेही की भरलेली पाण्याची टाकी सामानातच धरायची. आमच्या कागदावर १,४५० पौंड होते. मी वही घेऊन बसलो. ४५ गॅलन पाणी, गॅलनला ८.३ पौंड, झाले ३७४. मी १८० आणि ही १५०, झाले ३३०. राहिले ७४६.

"भरपूर," ही म्हणाली आणि यादी वाचू लागली. तीन कुकर. वेट ग्राइंडर. तांदूळ, कणीक, डाळी, गोडा मसाला आणि लोणच्याच्या बरण्या, कारण वाळवंटात मिळेल न मिळेल. आईची समई. साड्यांची ट्रंक, कारण कोणाचं लग्न कधी निघेल सांगता येत नाही. आणि पाटा-वरवंटा. हा पाटा तिने कोल्हापूरहून विमानाने आणला होता आणि गेल्या अनेक वर्षांत त्यावर एकदाही काही वाटलेलं नव्हतं.

"पाटा कशाला?"

"तुमची पुस्तकं कशाला?"

माझ्या यादीत पुस्तकांच्या पेट्या होत्या, दिवाळी अंकांचे गठ्ठे होते, हत्यारांचा डबा होता आणि एक हार्मोनियम होतं. हार्मोनियम मला वाजवता येत नाही, पण निवृत्तीनंतर शिकायचं ठरलेलं आहे. न्हाणीघरातला काटा आणून सगळं तोललं. तिचे ६१० पौंड, माझे ५२०; एकूण ११३०. म्हणजे ३८४ पौंड जास्त. टाकीत थेंबभर पाणी न भरता निघालो तरी दहा पौंड वर.

मी वही मिटली. ही थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "एक उपाय आहे. तुम्ही विमानाने या."

त्यानंतर फेकाफेकीचा प्रयत्न झाला. तिने माझे दिवाळी अंक काढले, मी तिची ट्रंक काढली. तासाभराने दोन्ही जागेवर परत आले होते आणि शिवाय माळ्यावरचं मुलांचं पाळण्यातलं खेळणं सापडलं होतं. तेही टाकवेना. मुलाला फोन केला, "तुझं खेळणं न्यायला येतोस का?" तो म्हणाला, "टाकून द्या." असल्या निष्ठुर माणसाकडे खेळणं द्यायचं नाही, यावर आमचं ताबडतोब एकमत झालं.

शेवटी अमेरिकेत सगळे करतात तेच केलं. हमरस्त्यालगतच्या इमारतीत एक खोली सामान ठेवायला भाड्याने घेतली. खोली अर्थातच वातानुकूलित, कारण हार्मोनियमला दमट हवा मानवत नाही. घर विकलं, टॅक्स सुटला, बर्फ सुटला. आता आमचा पाटा, समई, ट्रंक आणि दिवाळी अंक पक्क्या, चोवीस तास पहारा असलेल्या, वातानुकूलित इमारतीत राहतात. आणि आम्ही दोघं पार्किंगमध्ये.

तेव्हा वाचकहो, तुम्हालाही असा व्हिडिओ दिसला आणि मोटरहोम घ्यावंसं वाटलं तर हर्शीला जाण्याआधी एक प्रयोग घरीच करून बघा. पावसाळ्यातला एक शनिवार-रविवार निवडा. स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेलं न्हाणीघर सोडून घरातल्या बाकी सगळ्या खोल्यांना कुलूप लावा. दोन दिवसांसाठी मोजून पाणी भरा, मिक्सर आणि पंखा एका वेळी लावू नका, आणि दोघांपैकी एकाने रविवारी संध्याकाळी सांडपाणी बादलीने बाहेर नेऊन टाकावं. सोमवारी सकाळी चहा पिताना दोघं एकमेकांशी बोलत असाल तर खुशाल गाडी घ्या. बोलत नसाल तर आमच्याकडे एक उत्तम गाडी आहे, पंचवीस फुटांची, पडद्यांसकट. प्रकृतीमुळे विकायची आहे.